चुकलेल्या घोड्याची पोथी

मित्रांनो, मी बुद्धिबळाची एक जुनी पोथी आहे. आमच्या चिनी पटाच्या मधोमध नदी असते आणि घोड्याहत्तींबरोबर तोफाही लढतात. माझ्या पानापानावर अर्ध्यावर आलेल्या डावाचे चित्र आहे आणि शेजारी तो जिंकायची रीत.

माझा जन्म हुइजोऊच्या डोंगरात झाला. नास्पतीच्या फळीवर कागद पालथा चिकटवायचा आणि उलटे दिसेल तसे कोरायचे, म्हणजे छाप सुलट उठतो. एका फळीवरचा कागद फाटला. फळ्या कोरणाऱ्या शीदादाने तिथला घोडा आठवणीने कोरला, पण उलटवायचा विसरला. छापून निघाले तेव्हा घोडा पटाच्या भलत्याच बाजूला! तो डाव ब्रह्मदेवालाही सुटला नसता. पुढे फळी दुरुस्त झाली, मी मात्र तशीच विकली गेले.

फांगआजोबांनी मला घेतले. आजी गेल्यावर त्यांना सोबत अशी माझीच उरली. रोज चहा घेऊन ते त्या डावापुढे बसत आणि स्वतःच्या अकलेला दोष देत. माझा जीव तुटायचा, पण मला तोंड कुठे?

नववर्षाची झाडलोट निघाली. आजोबा बाजारात गेले होते. कसर लागलेली मी सुनेच्या, युएलानच्या हाती पडले. आमच्याकडे अक्षरे असलेला कागद केरात टाकत नाहीत, देवळातल्या भट्टीत मानाने जाळतात. तिने मला दोन्ही हातांनी, अगदी भक्तिभावाने, कागद गोळा करणाऱ्या दिंगच्या टोपलीत ठेवले.

भट्टी धगधगत होती. टाकता टाकता दिंगने मला सहज उघडले आणि नेमका तोच डाव निघाला.

"हात्तिच्या, दोन खेळ्यांचं काम," असे म्हणून त्याने फतकल मारली. विचार करता करता भट्टी कधी विझली, त्याला पत्ताच नाही.

आजोबा धापा टाकत आले. मागे युएलान रडवेली झाली होती.

"दिंग, माझी पोथी?"

"आहे हो. आधी बसा, हा घोडा कसा काढायचा ते सांगा."

"त्यातच आयुष्य गेलं माझं, गाढवा."

"मग सरका. दोन डोकी लावू."

"मामंजी, घरी बसून लावा की डोकी," युएलान डोळे पुसत म्हणाली. "जेवण निवतंय. दिंगकाका, तुम्हीपण चला."

माझा जीव भांड्यात पडला. आता युएलान माझ्या पानांत कापूर ठेवते आणि दिंग रोज येतो. दोघे म्हातारे माझ्यावर वाकून भांडतात, आणि घर पुन्हा बोलते झाले आहे.

मित्रांनो, जुने पुस्तक टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. आणि माझ्या घोड्याचे त्या दोघांना सांगू नका. डाव चुकलेला आहे हे कळले, तर दिंग उद्या कशाला येईल?