कोडीला दोन वर

मी एक जुनी दुर्बीण आहे. लांबचं जवळ आणायचं आणि लहानाचं मोठं करायचं, हा माझा धंदाच. त्यामुळे मला थापाडी म्हणणारे पुष्कळ. तरुणपणी एका कप्तानाच्या बोटीवर होते, तेव्हा चंद्रावरचा ससा कान खाजवताना मी पाहिला आहे. खोटं वाटत असेल तर राहू द्या. पण मित्रांनो, शिरगावची गोष्ट अस्सल आहे.

म्हातारपणी, डाव्या काचेत बुरशी धरल्यावर, मी शांताराम मास्तरांच्या गळ्यात पडले. दर जानेवारीत ते किनाऱ्यावरची पाहुणी पाखरं मोजून आकडा मुंबईच्या पक्षीमंडळाला पाठवत. अठ्ठ्याऐंशी साली तिकडून पत्र आलं : ‘गेल्या वर्षीचा आकडा अंदाजे वाटतो. यंदा नीट मोजणी झाली नाही, तर शिरगाव मोजणीच्या ठिकाणांच्या यादीतून वगळू.’ मास्तरांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

मोजणीच्या सकाळी भरती चढत होती. किल्ल्यासमोरच्या खडकांवर चिखल्या, तुतारी, कुरव दाटीनं बसले होते. त्यांत गाजरासारख्या चोचीचा एक काळापांढरा कालवफोड्या. मास्तरांनी मला इतक्या घाईनं फिरवलं, की मला तो नाचतानाच दिसला.

शेजारी हिराबाई कोयतीनं कालवं फोडत बसली होती. ती त्या चोचीकडे बघून म्हणाली, “आला काय आमच्या पोटावर पाय द्यायला? याच्या कोयतीला धारपण लावाया नको.”

“हिराबाई, बोलू नका. आकडा चुकतो.”

“एकेक काय मोजता, मास्तर? त्या टोकावर दोन कोड्या हायत.”

हिराबाई बाजारात बोंबील विकायची ते कोडीनं, वीसांची एक कोडी, हे मलाही ठाऊक. पण त्या टोकावर मास्तरांनी माझ्यातून चव्वेचाळीस मोजले होते.

“म्हणजे चाळीस. तुमचे चार चुकले.”

“चुकतील कशाला? ते वरचे. कोडीला दोन वर द्यायचे. नायतर गिऱ्हाईक परत येल काय?”

एवढ्यात ससाणा झेपावला आणि अख्खा खडकच उडाला. थवा वळला की आभाळ पांढरं, पुन्हा वळला की काळं. पंखांचा आवाज लाटांवरून गेला. जन्मभर मी मोठं करून दाखवलं. त्या दिवशी मोठं करायला जागाच उरली नव्हती. मास्तर मोजायचं विसरले. थवा खाडीपार गेला.

ते वाळूत बसले. “गेलं शिरगाव यादीतून.”

हिराबाईची मान अजून वरच होती. “बासष्ट,” ती हळूच म्हणाली. “माझ्या कोड्या.”

“बावीसच्या?”

“मी कुणाला कमी दिलंय काय आजवर?”

मास्तरांनी तेराशे चौसष्ट लिहिलं. कुणी आणि कसे मोजले, तेही लिहिलं. आठवड्यात मुंबईहून दोघं चकचकीत दुर्बिणी घेऊन आले. दोन दिवस मोजून त्यांचा आकडा आला तेराशे एकोणसाठ.

“पाच कुठे गेले?” त्यांनी विचारलं.

“तुमी मोजायला इतका येळ लावला,” हिराबाई म्हणाली, “कंटाळून गेले.”

शिरगाव यादीत राहिलं.

आता मी खुंटीवर आहे. दोन्ही काचा आंधळ्या. तरी थंडी पडली की खडकांवरची कलकल ऐकू येते, आणि वाटतं, ही पाखरं एवढ्या लांबून परत का येतात? या किनाऱ्यानं त्यांनाही कोडीला दोन वर दिले असणार. मित्रांनो, कालवं-शिंपले काढायला जाल, तेव्हा खडक खरवडून आणू नका. थोडं वरचं ठेवून या. गिऱ्हाईक फार लांबून येतं.