देखणी गुंडाळी

"हिला कुबट वास येतोय गं. पुलाला हीच बांधायची?"

"गप्प बस! श्ये सरांच्या कानावर गेलं तर सगळ्याच दोऱ्या वाळत घालायला लावतील. वरून बघ ना, कशी नव्यासारखी आहे."

टोळीतल्या दोघी पोरींचं हे माझ्याबद्दल चाललं होतं. मी ऐकावं अशी त्यांची इच्छा नसणार. पण सामानाच्या पेटीत पडलेल्यांना सगळं ऐकू येतं.

मी एक दोरी. अंबाडीची, तीन पेडांची, अंगठ्याएवढी जाड. यीलान गावातल्या एका शाळेच्या स्काउट पथकात असते. तो वास मला त्या दोघींच्या खूप आधीपासून येत होता.

सप्टेंबरात आले तेव्हा मी कोरी होते. पोरं तीन बोटं उंचावून शपथ घेत होती आणि मी नव्या सुनेसारखी कोपऱ्यात. जुन्या दोऱ्या नुसत्या जरा सरकल्या.

ऑक्टोबरभर गाठी शिकणं चाललं. गळ्यातला रुमाल डोळ्यांवर बांधून गाठ मारायची. "पै-शुआन, ही गाठ आहे की नूडल्सचा वाडगा?" श्ये सर विचारायचे. त्सेन-यीची गाठ मात्र पहिल्या झटक्यात बसायची. ती टोळीप्रमुख. माझ्यावरून हात फिरवून म्हणाली, "हिच्यावर डोळे मिटून हत्ती चढवा!" त्या शब्दांनी मी फुगले. तिथेच बिघडलं.

नोव्हेंबरच्या शिबिरात तिन्ही दिवस पाऊस. पोरांनी ओल्या लाकडांवर कांदापातीच्या पोळ्या भाजल्या. पोळी थोडी, धूर फार. मी ताडपत्री ताणून धरली होती. शेवटच्या सकाळी तपासणी. प्रत्येक टोळीनं आपलं सामान तंबूपुढं मांडायचं. ज्यांचं सगळ्यांत नीटनेटकं, त्यांच्या टोळीच्या काठीला बक्षिसाची फीत. ओली दोरी टांगून ठेवायची असते, पण टांगलेली दोरी अस्ताव्यस्त दिसते. त्सेन-यीनं मला ओलीच गुंडाळली, दुकानात मांडल्यासारखी गोल. फीत मिळाली. "शाळेत गेलं की वाळवू," ती म्हणाली. मग परीक्षा आल्या.

वरचे धागे वाळले, आतले कुजले. पेटी उघडली की मी वरची बाजू तेवढी दाखवायची.

मार्चमध्ये किनारा साफ करायला गेलो. वाहून आलेल्या ओंडक्यांची मोळी माझ्यानं बांधली आणि आत काहीतरी टिक करून तुटलं. लाटांच्या आवाजात कुणाला कळलं नाही. मला हायसं वाटलं! त्या हायसं वाटण्याची मला आजही सगळ्यांत जास्त लाज वाटते.

मे महिन्यात शाळेचा वर्धापनदिन. मैदानामागच्या ओढ्यावर, दोन कापूरझाडांच्या मध्ये दोरीचा पूल. हातानं धरायला वर एक दोरी, पायाखाली मी. खाली दगड. छत्र्या घेऊन पालक उभे. त्सेन-यीचे बाबा फोन उंच धरून सगळ्यांत पुढं.

"एक, दोन, ओढा!" पोरांनी मला ताणलं. सरांनी माझ्यावर अंगठा दाबला. "शिबिरानंतर वाळवली होती ना गं?"

त्सेन-यीनं माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले. "हो सर."

"ताई, लवकर जा ना, मग आमचा नंबर!" मागून लहान वर्गातल्या पोरी ओरडल्या.

तिनं एक बूट माझ्यावर ठेवला. दुसरा अजून जमिनीवर. तिलाही माहीत होतं, मलाही. आणि दोघी चारचौघांत तोंड उघडायला घाबरत होतो. ती मध्यावर पोहोचेपर्यंत मी कदाचित धरलंही असतं. कदाचित.

मी एक पेड सोडला. तड्! मग दुसरा. तिनं पाय झटकन मागं घेतला. माझ्या आतले काळे, भुसभुशीत धागे सगळ्यांपुढं उघडे पडले. बाबांचा फोन हळूहळू खाली आला.

जन्मात पहिल्यांदाच मी मोठ्यानं बोलले होते. शब्द नव्हते माझ्याकडे, पण सगळ्यांना कळलं:

"मी आतून कुजलेय. नोव्हेंबरपासून मला ठाऊक आहे. माझ्यावर कुणीही पाय ठेवू नका."