एक्कावन्न पिशव्या

शुक्रवारी दुपारी चाळिसावी पिशवी शिवून झाली आणि मंजुश्रीजवळचं कापड संपलं. रविवारी लातूरला तिच्या लेकीचं, रुद्राणीचं, डोहाळजेवण होतं. व्याह्यांकडच्या एक्कावन्न सवाष्णी येणार होत्या आणि प्रत्येकीच्या हातात माहेरकडून काहीतरी द्यायचं होतं. ते विकतचं नसावं, असं मंजुश्रीनं दोन महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं. खणाच्या कापडाची वीतभर पिशवी, तोंडाला नेफा, नेफ्यात नाडी. आत जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची घडीची डबी, आणि डबीत विभूतीची गट्टी म्हणजे भस्माची वडी नि हळदकुंकवाच्या पुड्या. लेकीच्या लग्नात सगळं कार्यालयवाल्यानं केलं होतं. आईच्या हाताचं म्हणावं असं काहीच नव्हतं. ती रुखरुख तिला या वेळी ठेवायची नव्हती.

पण काम काही केल्या सरळ जात नव्हतं. खणाचे धागे कापल्याबरोबर सुटत. नेफ्याची शिलाई एका बाजूला चढे, उसवावी तर कापडाला भोकं दिसत. कागदाच्या डब्यांचा त्रास वेगळाच. पत्रिकेवरचा देव नेमका डबीच्या तळाशी येऊ लागला तेव्हा सासूबाईंनी, देवाला खाली दाबून विभूती ठेवणार का, असं विचारलं होतं. त्यामुळे वीस डब्या पुन्हा नव्यानं आखाव्या लागल्या. नवरा शिवप्रसाद रेल्वेच्या ऑफिसातून जेवायला घरी आला की ढिगाकडे बघून, नांदेडच्या बाजारात असल्या पिशव्या डझनावर मिळतात, एवढं सांगून हात धुवायला जाई. तो वाईट हेतूनं बोलत नसे, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नसे.

कापड आणायला भर उन्हात बाजारात जायचं की काय, या विचारात ती असताना सासूबाई लक्ष्मम्मा मठाकडे निघाल्या. त्या देगलूरकडच्या. डोहाळजेवणाला त्या अजून कानडी वळणानं कुबसाच म्हणत. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "पेटीतले खण घे की. लई पडलेत. मी काय आता शिवून घालून राहिले का?"

मंजुश्रीला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत ती लोखंडी पेटी त्यांनी दुसऱ्या कुणाला उघडू दिली नव्हती. तिनं वरवरचे तीन खण काढले. त्यातला एक गर्द हिरवा होता, काठावर तांबडी कोयरी. इतका सुरेख की कापताना तिचा हात थबकला. प्रत्येक खणाच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची गाठ मारलेली होती. दुकानदारानं गठ्ठा बांधताना राहिली असेल, असं समजून तिनं त्या गाठी कात्रीनं उडवल्या आणि कामाला लागली. एकट्या हिरव्यातच अकरा पिशव्या बसल्या, आणि त्या आधीच्या चाळिसांपेक्षा सरळ आल्या.

लक्ष्मम्मा परतल्या तेव्हा मंजुश्री केर गोळा करत होती. चिंध्यांत पडलेला लाल दोरा त्यांनी उचलला आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"ह्यो हिरव्याचा हाय का?"

"हाव. का?"

"अगं, लाल गाठ म्हणजे लातूरचं. तुझ्या विहिणीनं दिलता तो, वास्तुशांतीला. लालवाला लातूरला द्यायचा न्हाई, पिवळा उदगीरला द्यायचा न्हाई. एवढं बी म्हाईत न्हाई व्हय तुला?"

खरंच माहीत नव्हतं. ओटीत आलेला खण पुढे दुसऱ्या कुणाच्या ओटीत जातो, हे तिला माहीत होतं. तिनंही असे कितीतरी खण पुढे सरकवले होते. पण ज्या घरातून आला त्याच घरी तो परत जाऊ नये म्हणून सासूबाई रंगांच्या गाठी मारून हिशेब ठेवत असतील, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. ओटीचं परत करणं म्हणजे संबंध परत करणं. इथं तर ते अकरा तुकडे करून, नाडी घालून परत चाललं होतं.

"सांगायचं तरी होतं, आत्याबाई."

"तुला येवढं शिवायला येतं, गाठ दिसंना का?"

अकरा काढल्या तर चाळीसच उरत, बाकीच्या दोन खणांच्या गाठीही उडवल्यामुळे ते कुणाकडचे हे आता कळणार नव्हतं, आणि पंक्तीत अकराजणी रिकाम्या हातानं बसत. ठेवल्या तर विहीण अंबिकाबाई आपला खण ओळखणार, ती कोयरी कुणीही ओळखलीच असती. मग, लपवून नेऊन तिथं मान खाली घालण्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं, असं ठरवून तिनं लातूरला फोन लावला.

तिनं सगळं सांगितलं. अंबिकाबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्या हसल्या.

"अहो विहीणबाई, तो खण आम्हालाबी ओटीतच आलता. कुणी दिलता, आता काय ध्यानात. त्याचं एवढं काय मनाला लावून घेता?"

मंजुश्रीचा जीव भांड्यात पडला. ती आभार मानणार, तोच अंबिकाबाई त्याच मोकळ्या सुरात पुढे म्हणाल्या, "आणि तसंबी वाटायला स्टीलचे डबे आणलेत की आम्ही, नावं घालून. रुद्राणी बोलली नाही का? ती म्हणाली, मम्मीला शिवण्याचा नाद आहे, तिचं मन मोडू नका. आणा तुम्ही पिशव्या. लेकरांना देऊ खेळायला."

मंजुश्रीनं बरं म्हणून फोन ठेवला. दोन महिन्यांत रुद्राणीशी रोज बोलणं होत होतं. नेफा केवढा ठेवू, गोंडा लावू का, असं तिनं कितीदा विचारलं होतं, आणि पोरीनं प्रत्येक वेळी छान दिसेल म्हणून सांगितलं होतं.

तिनं रुद्राणीला फोन लावला तेव्हा आवाज चढवायचा नाही, असं स्वतःला बजावलं होतं. तो चढलाच. मी लहान पोर आहे का, खेळणं हातात देऊन गप्प बसवायला. पहिल्याच दिवशी नको म्हणाली असतीस तर. दोन महिने डोळे फोडले ते कशासाठी. मग रुद्राणी हळू म्हणाली, "मम्मी, रविवारचं झालं की तू नांदेडला परत जाशील. मला तिथं राहायचंय. लग्नातल्या आहेरावरून मी वर्षभर ऐकून घेतलंय. तुला कधी सांगितलं नाही."

मंजुश्रीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. राग तसाच होता, पण आता तो टेकवायला जागा उरली नव्हती. पोरीचं बोलणं खोटं असतं तर तिला भांडता आलं असतं.

"मग काय करू या पिशव्यांचं?"

"बाकीच्यांना नको. माझ्या ओटीत एक घाल. ती माझ्याजवळ राहील, बाळंतपणात उशाशी ठेवीन. खोटं नाही बोलत."

फोन ठेवल्यावर लक्ष्मम्मांनी काय ठरलं ते विचारलं. मंजुश्रीनं सांगितलं की एकच लागणार आहे. लाल दोरा त्यांनी बोटाभोवती गुंडाळला होता तो सोडून केरात टाकला आणि मोरीकडे पाय धुवायला गेल्या.

तिनं सगळ्या पिशव्या सतरंजीवर मांडल्या. एक निवडायची होती. हिरव्या अकरा आपोआप बाद झाल्या. विहिणीनं काहीही म्हटलं तरी लेकीच्या ओटीत त्या जाणार नव्हत्या. उरलेल्या चाळिसांतली एकेक ती हातात घेऊन बघू लागली. हिचं तोंड तिरकं. हिची नाडी एका बाजूनं आखूड. ही बाहेरून ठीक, पण उलटी केली की उसवल्याची भोकं. एक्कावन्नजणींत वाटताना जे खपून गेलं असतं, ते एकटीच्या ओटीत खपणार नव्हतं. शेवटची पिशवीही तिनं ढिगात टाकली, आणि तिला स्वतःचाच इतका संताप आला की ती उठून दोनदा खोलीभर फिरून आली.

शिवप्रसाद ऑफिसातून आला तेव्हा ती कपाटापुढे उभी होती. आता आणखी काय शोधतेस, असं त्यानं विचारलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. स्वतःच्या ब्लाऊजसाठी घेतलेला निळा खण घडी न मोडता पडून होता. तो तिनं काढला, टेबलावर पसरला, टेप लावली आणि या वेळी शिलाईसाठी दोन्ही बाजूंना बोटभर कापड जास्त धरून खडूनं रेघ मारली.