वाटूरची ओळ

२००९च्या उन्हाळ्यात परतूरच्या उमानं तालुक्यातल्या बासष्ट हापशांच्या पाण्याचा तक्ता वेबसाइटवर टाकायला घेतला. तिचा कॉम्प्युटर क्लास होता, म्हणून पाणी समितीनं हे काम तिच्या गळ्यात घातलेलं. पण तपासणीचे आकडे औरंगाबादच्या एका खासगी प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर होते, आणि ब्राउझर दुसऱ्या डोमेनवरची माहिती काही केल्या उचलू देईना.

शेवटी तिनं प्रयोगशाळेतल्या मार्तंडला फोन लावला.

"आकडे फंक्शनमध्ये गुंडाळून पाठवतो," तो म्हणाला. "तुमचं पान त्याला स्क्रिप्ट समजून आत घेईल. पण एक ध्यानात ठेवा. आमच्याकडून जे येईल, ते तुमच्या पानावर जसंच्या तसं चालेल."

"चालू द्या की," उमा हसली.

दुपारी तक्ता भरला. फ्लोराइडच्या मथळ्यावर क्लिक करताच ओळी भराभर सरकल्या आणि वाटूरच्या शाळेचा हापसा सगळ्यात वर आला. लिटरमागे पाच पूर्णांक आठ दशांश मिलिग्रॅम. दीडच्या वर गेलेलं पाणी पिऊ नये, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं तक्ता छापून घेतला आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाईला फोन केला.

"त्याच पाण्यावर शिजवू राह्यले मी, ताई," सगुणाबाई म्हणाली. "लेकरांचे दात बघा कसे तपकिरी पडलेत."

दुसऱ्या दिवशी तक्त्यात एकसष्टच ओळी होत्या. वाटूर कुठंच नव्हतं. तिनं मार्तंडला फोन करून विचारलं.

"कोणती ओळ?" मार्तंड दबक्या आवाजात म्हणाला. "मॅडम, ज्या ठेकेदारानं तालुक्यातले हापसे बसवले, त्याची माणसं इथं बसलीत. ठेवतो."

उमा छापील कागद घेऊन थेट तहसीलमध्ये गेली आणि त्याची झेरॉक्स अर्जासोबत देऊन पोच घेतली.

तिसऱ्या दिवशी तिनं पान उघडलं. पुन्हा बासष्ट ओळी! तिनं घाईघाईनं पान खाली सरकवलं. वाटूर नव्हतंच, आणि शेवटच्या ओळीवर ती थांबली. 'परतूर. उमा यांच्या घरचा हापसा. नमुना घेतला: आज.' आकड्याची जागा कोरी होती.

तिनं घरी फोन लावला.

"हौ, दोघं जण आल्ते," आई म्हणाली. "बाटलीत पाणी भरून नेलं. लई गोड बोलले. तू कधी येतीस, कोणत्या रस्त्यानं येतीस, इचारत होते."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. न्हाई सांगायचं होतं का?"

उमानं प्रयोगशाळेची जोडणी पानातून काढून टाकली. तक्ता क्षणात रिकामा झाला. मग छापील कागद पुढ्यात ठेवून तिनं बासष्ट ओळी हातानं भरल्या. त्या दिवशी ती नेहमीचा रस्ता सोडून स्टेशनमागच्या बोळातून घरी गेली.

आठवड्यानं तहसीलच्या माणसांनी वाटूरच्या हापशाचा दांडा काढून नेला आणि शाळेला टँकर सुरू झाला. हे मार्तंडला सांगावं म्हणून उमानं फोन केला. पलीकडून कुणी अनोळखी माणूस बोलला.

"मार्तंडनं नोकरी सोडली," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुम्ही परतूरहून बोलताय ना?"