जेनांगवरचा पापुद्रा

कोळंबीच्या टरफलांपासून आम्ही खाता येणारा पापुद्रा केला. त्यात मँगोस्टीनच्या सालीचा अर्क घातला की आत गुंडाळलेला पदार्थ खवट होत नाही. फेकला तर मातीत विरून जातो. आणि त्याला वास नाही की चव नाही! आमचे साहेब, पाक हर्दिमान, यांना या बिनचवीचाच कोण अभिमान.

माझ्या किनासिहच्या पोटात कोळंबीचा कण गेला तरी घसा सुजतो. मागच्या खेपेला पोर मरता मरता वाचली. म्हणून मी प्रयोगशाळेतून आंघोळ करूनच निघते. लोक हसतात, हसोत मेले.

काम फत्ते झालं म्हणून साहेबांनी घरी स्लामेतान, म्हणजे शुकराण्याचं जेवण, ठेवलं. पुरुष चटईवर प्रार्थनेला, आम्ही बायका स्वयंपाकघरात. दोन घास खाऊन जो तो आपला बरकतीचा डबा घेऊन उठला. तो डबा घरच्यांसाठीच असतो. पोरं दारात वाट बघत बसतात. माझा नवराही डबा घेऊन निघून गेला.

मी पातेलं घासत होते. साहेबांच्या पत्नी, बू सुलास्त्री, हसत म्हणाल्या, "म्बाक वेनिंग, गुळाच्या जेनांगची वडी कशात गुंडाळलीय, ओळखा बरं!"

"केळीच्या पानात. दुसरं काय?"

"अहो, तुमच्याच पापुद्र्यात! यांनी गठ्ठाच आणला. म्हटलं, नुसतं कौतुक किती ऐकायचं, खाऊन बघू देत लोकांना."

मी पातेलं खाली ठेवलं. "सगळ्या डब्यांत?"

"सगळ्या. का हो, बिघडलं काय?"

नवऱ्याला फोन लावला. तो मोटरसायकलवर, उचलेल कसा? घरी सासूबाई नमाजाला बसलेल्या, त्याही उचलेनात. मी बू सुलास्त्रींची स्कूटर घेतली आणि अनवाणीच सुटले. वाटेत अल्लाशी भांडले, मग त्याचीच माफी मागितली.

नवरा अंगणात पाय धूत होता. "एवढी काय गं धावत आलीस? डबा बघितला मी. कोळंबीचे पापड तर तिनंच उचलून बाजूला ठेवले. शहाणी आहे हो आपली पोर."

"आणि जेनांग?"

"गोडाला काय होतंय?"

किनासिह आत भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुजले होते. मला बघून ती घाबरली, मी रागावेन म्हणून.

"आई, मी नीट बघून खाल्लं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मी तिला उचलून बाहेर धावले. तिला आणखी काही सांगायचं होतं, पण आवाज फुटेना.