दोऱ्याने बांधलेलं झाड

“अवो काका, काढा त्याले वर! आधी काढा!” फय्याज दारातूनच ओरडला आणि चपलांसकट आत धावला.

फय्याज मालेगावचा मासेवाला. खायचे नव्हेत, काचेच्या टाकीतले रंगीत मासे विकतो. माझ्या लेकीनं, सुचितानं, त्याच्याकडूनच टाकी घेऊन आईच्या खाटेसमोर बसवली होती. वर्षापूर्वी माझ्या बायकोची, भागिरथेची उजवी बाजू लकव्यानं गेली. वाचा शाबूत होती, पण तिनं बोलणंच टाकलं. माझा हात पाठीला असला तरच बसायची, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडायची. टाकी आली आणि ती भिंतीकडून वळली. मासे राहिले बाजूला, ती बघायची त्यातलं एक झाड. जाड हिरव्या पानांचं, अनुबियास नावाचं.

आणि तेच झाड मी सडवलं!

“चांगलं चार बोटं खोल लावलं होतं रे,” मी म्हणालो. “बेणं कोनी उघडं ठेवते काय?”

“हळद हाये का थे? ह्याचा गड्डा रेतीत गाडला का सडते. दगडावर बांधा लागते. मुळ्या आपसूक दगड धरतेत.”

चाळीस वर्षं हळद लावणारा मी पुंजाजी, वीतभर झाडापुढे गाढव ठरलो. अंगठ्याएवढा तुकडा वाचला, त्याला दीड पान. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. हे मेलं तर ही पुन्हा भिंतीकडे वळणार, एवढंच डोक्यात.

दोरा गुंडाळायला बसलो. माझी बोटं खरबरीत. गड्डा सटकायचा, दोरा सुटायचा. चौथ्यांदा सटकला तेव्हा खाटेवरून आवाज आला.

“मेथीची जुडी बांधली काय कवा जलमात? आना इकडं.”

वर्षानं भागिरथा बोलली! मग मी धावलो, तिला बसवलं, पाठीला हात लावला. निर्जीव उजव्या हाताला तिनं दगड टेकवला, दोऱ्याचं एक टोक दातात धरलं आणि डाव्या हातानं दोन वेढ्यांत गड्डा पक्का! बाजाराच्या जुड्या जन्मभर तिनंच बांधल्या होत्या.

“काकू, जास्ती आवळू नोका,” फय्याज म्हणाला.

“मले शिकवतं काय बाबू?”

अरे बापा, काय आनंद झाला मला! शिवी दिली असती तरी चाललं असतं.

झाड मात्र महाआळशी. महिना गेला, काही नाही. भागिरथा रोज मला पाठीला हात द्यायला लावायची आणि बसून बघायची. मग एका सकाळी तिची हाक वावरापर्यंत आली. मोटर चालूच टाकून मी पळालो. गड्ड्यावर सुईएवढी हिरवी गुंडाळी! मी सुचिताला फोन लावला, शेजारी गूळ वाटला. लोक हसले. हसोत.

पाच पानं झाली तेव्हा फय्याज आला. दगड बाहेर काढून म्हणाला, “मुळ्यांनी धरलं. आता दोरा कापा.”

“मी कापतो,” भागिरथा म्हणाली.

डाव्या हातानं तिनं कात्री चालवली. दोरा गळून पडला. फय्याजनं दगड पाण्यात सोडला. झाड जागचं हललं नाही.

“धरलं! धरलं त्यानं!” मी नाचायचाच बाकी.

“वरडू नोका,” ती म्हणाली. “आता तुमचा हात काढा.”

माझा हात तिच्या पाठीला होता. काढवेना. शेवटी मी काढला.

ती जराशी डावीकडे कलली, सावरली, आणि कात्री मांडीवर ठेवून टाकीकडे बघत बसून राहिली.