एकाच मेसमध्ये

"ताई, हे तुझ्यापुरतंच ठेव. घरात सांगू नोको, अन् गावात तर नाहीच नाही."

खुशीनं फोनवर हे दोनदा सांगितलं होतं. रीना तेव्हा मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून आठ महिन्यांच्या लेकीला पेज भरवत होती. पेज गरम तर नाही ना, म्हणून प्रत्येक चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहत होती. धाकट्या बहिणीची ताकीद तिनं एका कानानं ऐकली आणि दुसऱ्या कानानं सोडून दिली. त्यात लपवण्यासारखं काय होतं, तेच तिला कळलं नाही.

खुशी नौदलात लागून दोन वर्षं झाली होती. नवेगाव बांधच्या तलावात डोंग्यात बसायलाही घाबरणारी पोरगी समुद्रावर गेली, याचंच गावाला नवल. आता दुसऱ्या एका देशाच्या नौदलाबरोबर सराव होता आणि त्यासाठी तिला पंधरा दिवस त्यांच्या जहाजावर पाठवलं होतं.

"इकडं वेगळंच आहे ताई," खुशी म्हणाली होती. "पोट्टे-पोट्टी सारे एकाच मेसमधी."

"मग? आम्ही गोंदियाले कॉलेजात होतो तेव्हा एकाच मेसमधी जेवत होतो. भाजीत मीठ त्यायच्याही नव्हतं अन् आमच्याही नव्हतं."

पलीकडे खुशी हसली. "तसं नाही वो ताई, अवं..." तेवढ्यात तिकडे कसलीशी घंटा झाली. "जाते मी. पण सांगू नोको, आं?"

रीनाचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा बुद्धभूषण गोंदियाला राईस मिलमध्ये सुपरवायझर, आठवड्यातून एकदा येणारा. म्हणून बाळंतपणाला आलेली रीना अजून माहेरीच, बाप सेवकरामच्या घरी होती. बी.ए. झालेली, हुशार, आणि लेक झाल्यापासून भलतीच सावध. पाळण्याखाली मुंग्या आहेत का ते पाही, झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास पाही, दाराच्या कडीला हात लावून पाही. सगळ्या घरावर तिचा पहारा होता. जिभेवर तेवढा नव्हता.

त्या रविवारी विहारात वंदना झाली आणि बाया पायऱ्यांवर बसल्या. पुष्पाबाईला कोणाची तरी खोड काढल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

"का वो रीना, तुही बहीण जहाजावर करते तरी काय? साहेबायचे कपडे धुते का?"

बाया हसल्या. रीनाला झोंबलं.

"कपडे काऊन धुईन? रडारवर बसते. अन् आता तर परदेशी जहाजावर गेली. तिथं आपल्यासारखं नाही, बाई इकडं अन् माणूस तिकडं. पोट्टे-पोट्टी सारे एकाच मेसमधी!"

शालीकराम बाजूलाच चपला घालत होता. सोळा वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता तो. गाव त्याला 'नेवीवाले' म्हणायचं आणि त्यालाही ते आवडायचं. त्यानं मान वर केली.

"एकाच मेसमधी? पक्कं?"

"हाव काका. तिनंच सांगितलं."

"पोरी, जहाजावर मेस म्हणजे खानावळ नाही. मेस म्हणजे राहाची जागा. एकावर एक बंक असतेत, तिथंच निजाचं, तिथंच उठाचं." तो वाईट मनानं बोलत नव्हता. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट कोणी तरी विचारली, याचाच त्याला आनंद होता. "आमच्या टायमाले बायाच नव्हत्या, म्हणून सवालच नव्हता."

"म्हणजे?" पुष्पाबाईचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. "पोट्टी पोट्ट्यायसंग निजते?"

रीना म्हणाली, "तसं नसन काका." पण तिचा आवाज तिलाच पटला नाही. लेकीला छातीशी घट्ट धरून ती घरी आली. वाटेत तिला खुशीचं ते अर्धं राहिलेलं "तसं नाही वो ताई" आठवलं.

विहारातून निघालेली गोष्ट आठवडी बाजारापर्यंत पोचली, तेव्हा तिच्यातून मेस गळून पडली होती, रडार गळून पडलं होतं, पंधरा दिवसांचा सरावही गळून पडला होता. सेवकरामची पोट्टी पोट्ट्यायसंग निजते, एवढंच उरलं होतं.

चौथ्या दिवशी सुशिलाबाई आली. कोहमाऱ्याच्या शाळेतल्या अश्विन मास्तरची आई. अश्विनशी खुशीचं लग्न ठरलं होतं, तिला सुट्टी मिळाली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होणार होतं. अश्विननं आईला गाडीवरून आणलं, पण तो आत आला नाही. रीनाला खिडकीतून दिसत होतं, गाडीच्या आरशात पाहून तो उगाचच केस सारखे करत होता.

सुशिलाबाई पाण्याला शिवली नाही. "आमचा पोरगा मास्तर आहे, सेवकरामभाऊ. उद्या वर्गातले लेकरं त्याले इचारतीन."

"माझी पोरगी तशी नाही," सेवकराम म्हणाला.

"तशी नसन. पण जागा तशी आहे न?"

यावर बोलली ती कुसुमबाई. रीनाची आई आयुष्यात चारचौघांत कधी आवाज चढवून बोललेली नव्हती. त्या दिवशी ती चुलीपासून उठली, राखेचे हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली.

"कायची जागा वो, सुशिलाबाई? तेलंगणात मिरची तोडाले जात होतो तेव्हा एका पालात आपण अकरा माणसं निजत होतो. हे या कोपऱ्यात, मी त्या कोपऱ्यात, अन् मधात तुमचा दीर घोरत होता. कोणं कोणाले हात लावला? दिवसभर वाकून मिरची तोडली का माणूस मढ्यावानी पडते. तेव्हा जागा कशी होती?"

"ते पोटासाठी होतं."

"अन् हे कायच्यासाठी आहे?"

सुशिलाबाईनं पिशवीतून जुळवणीच्या वेळी दिलेली साडी काढली, खाटेवर ठेवली आणि निघून गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कुसुमबाई परत चुलीपाशी जाऊन बसली आणि आधीच फुललेल्या विस्तवावर फुंकणी फुंकत राहिली.

संध्याकाळी सेवकरामनं रीनाला फोन लावायला सांगितला. सराव संपायला आला होता, जहाज त्या दिवशी बंदरात होतं, म्हणून लागलाही.

"खुशे, मले एकच सांग. त्या जहाजावर तू पोट्ट्यायच्या खोलीत निजली का?"

स्पीकरवर समुद्रासारखी खरखर होती. "खोली त्यायची नाही बाबा, साऱ्यायची आहे. सहा पोट्टे, आम्ही चौघी. प्रत्येक बंकले पडदा आहे, कपडे बदलाले जागा वेगळी. ड्युटीवरून आलं का कोणी कोणाकडं पाहाच्या लायकीचं राहत नाही, बाबा."

"हाव म्हण, नाही तं नाही म्हण."

नाही म्हणणं किती सोपं होतं! दीड हजार किलोमीटरवरून कोण पाहायला जाणार होतं? रीना मनातल्या मनात म्हणाली, म्हण नाही, खुशे, म्हण.

"हाव," खुशी म्हणाली.

"मंग इकडं येऊ नोको." सेवकरामनं फोन रीनाच्या हातात दिला आणि बैलाला पाणी पाजायला गेला. बैल विकून वर्ष झालं होतं. रिकाम्या गोठ्यात तो बराच वेळ उभा होता.

रीनानं स्पीकर बंद केला.

"ताई, बाबाले कोणं सांगितलं?"

"शालीकराम काकानं गोष्ट काढली, विहारात."

"त्यायले कोणं सांगितलं?"

लेक मांडीवर गाढ झोपली होती. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब सुकला होता. रीना म्हणाली, "थांब, हे रडून राहिली. मग करते फोन." आणि तिनं फोन ठेवला.

ते 'मग' कधी आलंच नाही. आज करते, उद्या करते, असं करत दहा दिवस गेले. माफी मागायची तर आधी कबूल करावं लागतं. आणि कबूल करायला बसलं की लेकीला लंगोट बदलायचा असे, कुसुमबाईला सरपण हवं असे, काही ना काही निघे. अकराव्या दिवशी दुपारी खुशीचाच आवाजातला निरोप आला. रीना परसात लंगोट वाळत घालत होती. तिथंच तिनं तो ऐकला.

"ताई, मी परत आपल्या जहाजावर आली. इथं पोट्टीयची मेस वेगळी आहे. बाबाले सांग, चांगली कडीवाली आहे. आम्ही तिघी होतो. एकीची बदली झाली, एक सुट्टीवर गेली. आता मी एकटीच निजते. सहा बंक, पाच रिकामे. अश्विनचा मेसेज आला होता, तुझा निर्णय तुझ्यापाशी म्हणून. मी कोणता निर्णय घेतला ताई? तिकडं त्या जहाजावर बाबाचा फोन आला त्या दिवशी मी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही. मी कोणाले काही सांगितलं नव्हतं. पण माह्या खालच्या बंकवर एक दाढीवाला होता, त्याचं नाव बी मले नीट घेता येत नव्हतं, त्यानं वरच्या फळीले खालून ठोकलं अन् इशाऱ्यानं इचारलं, उठते का? समोरची पोट्टी सूप घेऊन आली. एकाच जागी निजलं का समजते वो, कोण झोपलं अन् कोण नुसतं पडून आहे. इथं दार लागलं का संपलं. मी ड्युटीवर हसते बी. कोणाले काऊन समजन?"

रीनानं मोबाईल कानाशी आणखी जवळ धरला.

"तूच सांगितलं, हे मले माहीत आहे. मी दुसऱ्या कोणाले सांगितलंच नव्हतं. तुले मेसचा अर्थ माहीत नव्हता, ते बी समजलं. पण लेकराचं नाव घेऊन खोटं कायले बोलली ताई? मले त्याचा रडाचा आवाज नव्हता आला."

रीनानं तिथंच तारेखाली बसून फोन लावला. बंद. मग तिनं सगळं लिहिलं. आपण कसं सांगितलं, कुठं सांगितलं, पुष्पाबाईला उत्तर द्यायच्या नादात जीभ कशी सुटली. लिहिलं, की माझं चुकलं. मेसेजखाली बरोबरची एकच खूण उमटली. दुसरी आजपर्यंत उमटलेली नाही.

त्याला बेचाळीस दिवस झाले.

तिनं नौदलाच्या कचेरीचा नंबर शोधून फोन केला. पलीकडचा माणूस अदबीनं बोलला. जहाज समुद्रात आहे, तिथून घरी फोन होत नाहीत, घाबरू नका, निरोप पोचवू. त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. रीनाला विचारायचं होतं, निरोप तिच्या हातात पडेल तेव्हा तिच्या तोंडाकडे कोणी पाहील का? पण असलं सरकारी माणसाला कसं विचारायचं? ती "थँक्यू सर" म्हणाली.

आता मोबाईल वाजला की सेवकराम ओट्यावरून विचारतो, "आला का?" कोणाचा, ते म्हणत नाही. येऊ नोको म्हणून त्यानंच सांगितलं होतं आणि आता वाट पाहायचं तोंड त्याला राहिलेलं नाही. कुसुमबाई तर विचारतही नाही. ती परवा मोहाची दोडी, म्हणजे मोहाच्या बिया, निवडता निवडता एकदम ओट्याकडे पाहत म्हणाली, "पालात मले ताप चढला होता, तेव्हा सुशिलाबाईच्या दिरानंच पाहिलं. यायले तं उठवूनही जाग नाही आली." आणि पुन्हा निवडू लागली.

बाया-माणसांनी जहाजावर एकाच जागी निजावं का, असं कोणी रीनाला आज विचारलं, तर ती चटकन हो म्हणणार नाही. तिच्या मांडीवर मुलगी आहे. कडी तिला हवीच वाटते, आणि सगळेच काही त्या दाढीवाल्यासारखे नसतात, हेही ती जाणते. मोबाईलवर तिनं दोन्ही बाजूंचं पुष्कळ वाचलं. कोणी म्हणतं वेगळी जागा म्हणजे सुरक्षा, कोणी म्हणतं एकत्र म्हणजे बरोबरी. तिला दोन्ही खरं वाटतं आणि दोन्ही वाचून रडू येतं. कारण तिची बहीण सुरक्षित आहे, दाराला कडी आहे, आणि आत पाच बंक रिकामे आहेत.

म्हणून रीनाचं तुमच्याजवळ एक मागणं आहे. हे वाचणाऱ्यांत कोणाचं माणूस पूर्वेकडच्या बंदरात नोकरीला असेल, कोणाची मुलगी, कोणाचा भाऊ, तर त्यांना एवढं कळवा. खुशी सेवकराम शहारे, वय बावीस, डाव्या भुवईवर टाके पडल्याची खूण. जहाज किनाऱ्याला लागलं की कोणी तरी तिच्याकडे जा. घरचं काही बोलू नका, आमचं नावही काढू नका. नुसतं पाहा, जेवते का, झोपते का, डोळे कसे आहेत. ती "मी ठीक आहे" म्हणेल, हसूनही दाखवेल. तेवढ्यावर परत फिरू नका. थोडा वेळ तिच्याजवळ बसा.